पंख कापलेली गाडी

चित्रकलेच्या कदमसरांमुळे मी आज मुंबईत आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. भांडुपच्या एका चाळीच्या पुनर्विकासाचं काम माझ्याकडे होतं. तिथे एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी वडिलांची जुनी अमेरिकन गाडी पुसत. लांबलचक गाडी, मागे दोन उंच पंख. पंखांपाशी आले की ते फडका खांद्यावर टाकून नुसता तळहात फिरवत.

मी एकदा म्हणालो, “काका, लढाऊ विमानाची शेपटी बघून तिकडच्या डिझायनरने कागदावर हे पंख काढले.”

“म्हणजे उडायचीच होती,” ते हसले आणि मालवणीवर आले. “आणि इली खंय, तर भांडुपाक.” मग हळूच म्हणाले, “काढणाऱ्यासमोर केवढा रस्ता असेल रे.”

नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती गाडी बसत नव्हती आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती. मला न विचारताच त्यांनी गाडीचे पंख कापून घेतले. मी पुन्हा टेप लावली. पंख उंचीला होते, गाडी लांबीला जास्त होती.

“तुझी रेघ जरा सरकव ना,” ते म्हणाले. ते माझ्या हातात नव्हतं. गाडी भंगारात गेली. दुसऱ्या सकाळीही ते फडका घेऊन खाली आले आणि मोकळ्या जागेशी उभे राहिले.

मी सरांना पत्र लिहिलं:

“सर, नमस्कार. आधी वस्तू नीट बघ, मग रेघ काढ, असं तुम्ही शिकवलंत. इथे रेघ आधी ठरते आणि तिच्यात न मावणारं भंगारात जातं. माझी रेघ मात्र अजून सरळ येते.”