फ्रेमवाल्यांच्या वतीने

फ्रेमवाल्यांना मी कितपत ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर माझी पंचाईत होईल. वर्षानुवर्षं त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी पेपर वाचला. ते काचा कापत, मी पानं उलटत असे. यालाच मी मैत्री समजत होतो.

अधूनमधून ते आजारी पडत. मग त्यांची झोप उडे आणि दिसेल त्या वस्तूला फ्रेम करावीशी वाटे. एकदा माझी तुटकी चप्पल काचेआड भिंतीवर गेली. खरं सांगतो, माझ्या पायापेक्षा तिथेच ती बरी दिसत होती. पण एका खेपेस ते भर रस्त्यात गाड्यांची मापं घेऊ लागले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना मनोरुग्णालयात भरती केलं.

औषधांनी ते सावरले. घरी जायचं म्हणाले. भाऊ नको म्हणाला. प्रकरण रुग्णालयातल्या सुनावणी मंडळापुढे गेलं. आपल्या बाजूने उभं राहायला रुग्णाला स्वतः माणूस निवडता येतो, असा कायदा आहे. त्यांनी मला निवडलं.

"तुम्हाला?" बायको म्हणाली. "अहो, बेल बिघडली तर इलेक्ट्रिशियनला फोन मला करायला लावता तुम्ही."

मी इरेला पेटलो. ग्रंथालयातून मनुष्यस्वभावावरची जाडजूड पुस्तकं आणली. एक म्हणे, माणूस जन्मतः स्वार्थी. दुसरं म्हणे, जन्मतः भला, लोक त्याला बिघडवतात. तिसरं मला कळलंच नाही, म्हणून तेच सर्वांत खरं वाटलं.

सुनावणीत भाऊ म्हणाला, "त्याला स्वतःचं काय कळतंय? आणखी काही महिने राहू दे इथेच."

मी उठलो. "माणूस हा मुळात स्वतंत्र..." इथून जी गाडी सुटली ती थांबेना. इच्छा झाली, विवेक झाला. मंडळातले डॉक्टर छताकडे बघू लागले. फ्रेमवाल्यांनी माझी बाही ओढली.

"बसा हो." मग ते अध्यक्षबाईंना म्हणाले, "बाई, हे गप्प बसतात म्हणून यांना निवडलं. घरी माझं प्रत्येक वाक्य दुसरंच कुणीतरी पुरं करतं. म्हटलं, मी बोलताना मध्ये तोंड न घालणारा एक तरी असावा. तर नेमका आजच यांना कंठ फुटला."

बाईंनी तोंडाला रुमाल लावला. "मग तुम्हीच सांगा."

"गोळ्या घेईन. झोप उडाली तर आपल्या पायांनी इथे येईन. पण दुकान माझं आहे, बाई. मला ते उघडायचंय."

"अहो, तो काय..." भाऊ सुरू झाला.

"त्यांचं होऊ द्या," बाई म्हणाल्या.

मी या वेळी तोंड मिटून बसलो. माझ्या आयुष्यातली तेवढीच वकिली. त्याच आठवड्यात ते घरी आले.

पुढे एकदोनदा झोप उडाली, तेव्हा खरंच आपणहून जाऊन आले. मागच्या वर्षी झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखा उठलो.

"निघालो."

"एवढ्यात?"

"ही वाट बघत असेल."

"बरं. जाताना दार ओढून घ्या, वारं येतंय."

"कडी घालू?"

"नको. नुसतं ओढा."