शंभूच्या हद्दीतली वाट

आमचा घरमालक शंभू तसा चांगला माणूस. भुकूमला खोल्या भाड्याने देतो, दारात आलेल्या कुत्र्यालाही भाकरी टाकतो. फक्त सख्ख्या भावाशी बोलत नाही. तो खाली, धाकटा इंद्रजित मधल्या मजल्यावर आणि दोघांच्या डोक्यावर आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा सौरभ. "ताई, त्याला सांगा, मोटार बंद कर." "ताई, त्याला म्हणावं, तुला हात न्हाईत का?" ही पोस्टमनकी माझ्या गळ्यात. वैताग नुसता!

भांडण वाटेचं. वडील गेल्यावर वाटणीत पुढचं वावर शंभूला आलं, मागचं इंद्रजितला. कशावरून तरी बिनसलं आणि शंभूने आपल्या वावरातून मागे जाणाऱ्या वाटेवर काटेरी तार ओढली. ट्रॅक्टर आत जाईना, इंद्रजितची भातखाचरं पडीक राहिली. यंदाही तसंच झालं तर विकून टाकतो, म्हणाला. तो निरोपही मीच खाली नेला. शंभू नुसता "बरं" म्हणाला.

सौरभकडे अवकाश जिंकायचा पटावरचा खेळ आहे. षटकोनी तुकडे जोडून आकाश मांडायचं, प्रत्येकाला एक ग्रह, जहाजं पाठवून दुसऱ्याचा बळकावायचा. खेळायला चौघं लागतात. एका रविवारी दुपारी या भोळ्या माणसाने दोघा भावांना वेगवेगळं बोलावलं. एकमेकांना बघून दोघंही माघारी फिरणार होते, पण चहा टाकला होता.

शंभूने सगळी जहाजं हद्दीवर ओळीने लावली. "राखण नको व्हय?" इंद्रजितचा ग्रह नेमका त्याच्या मागे आला. कर्म आमचं! सौरभ चाल करून आला, तसा इंद्रजित कोपऱ्यात सापडला. निसटायचं तर शंभूच्या हद्दीतूनच, आणि त्याने हो म्हटलं तरच.

"ताई, इचारा त्याला, जाऊ देतो का," इंद्रजित म्हणाला.

"मी नाही विचारणार!" मी तडकलेच. "ज्याचं त्याने मागायचं, असा नियम आहे. नाहीतर बसा तिथेच."

त्याचे कान लाल झाले. पटाकडे बघतच तो म्हणाला, "दादा, जाऊ का?"

"जा की. वाट काय माझ्या एकट्याच्या बापाची हाय?"

शंभू सवयीने बोलून गेला.

"मग तार कुणाच्या बापाची रं?" इंद्रजितचा आवाज फाटला.

शंभूने फासे टाकले. सौरभने थोड्या वेळात दोघांचेही ग्रह खाल्ले. मेल्याला तेवढंच दिसत होतं. मला मात्र रडू येत होतं. पट आवरला, कप उचलले. शंभू उठला, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून थांबला.

"इंदर, सकाळी पक्कड घिऊन ये. माझी गंजलीया."