पेपराआधीच पास

सातवीची परीक्षा पूर्वी सरळ होती. पोरगं वर्षभर गुरं राखो नाहीतर आईबरोबर लावणीला जावो, होळी झाली की त्याला शाळेत बसवायचं. गुरुजींनी महिना-दीड महिना घासून घ्यायचं आणि मग पोलादपूरला केंद्रावर नेऊन पेपर द्यायचे. त्याला आम्ही फायनल म्हणत असू. पास झालं तर दाखला, नाही झालं तर पुन्हा गुरं. यात काही चुकतंय असं आमच्या वाडीत कोणाला वाटत नव्हतं, मलाही नाही. शेताचं काम थांबत नाही, शाळा थांबते, एवढंच लोकांना माहीत होतं.

माझं माहेर तुडीलचं. तिथे चौथीपर्यंत शिकले. पुढे घातलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला या वाडीत आले, तर इथे वाचता येणारी बाई मी एकटीच. मुंबईहून पुरुषांची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायची. त्यामुळे शाळेतून, पंचायतीतून काही आलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघत. मला त्याचा अभिमान नव्हता. कामात काम, तसं ते एक.

महाडच्या वसाहतीत कारखाने उभे राहू लागले होते तेव्हाची ही गोष्ट. माझ्या दिराची मोठी मुलगी सातवीत होती. तिच्या मामाला त्यातल्याच एका कारखान्यात काम लागलं होतं आणि चवदार तळ्याच्या मागे त्याने खोली घेतली होती. तो सांगून गेला होता, पोरगी सातवी पास झाली की माझ्याकडे पाठवा, हायस्कुलात घालतो. पण खोली लहान, जागा एकाच पोरीची. त्याच्या दुसऱ्या बहिणीची मुलगीही सातवीतच होती. ही नापास झाली तर ती जाणार, हे त्याने तोंडावर सांगितलं. वाईट नव्हता तो, खोलीच तेवढी होती. इथून पोलादपूरच्या हायस्कुलात पोरीला रोज पावसाळ्यात धाडणं कोणाला जमणारं नव्हतं, मधे दोन ओढे. म्हणजे त्या मुलीचं शिक्षण त्या एका परीक्षेवर लटकलेलं. आणि ती शिकावी असं सगळ्यात जास्त कोणाला वाटत होतं, तर माझ्या दिराला. पुढे जे झालं ते वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट म्हणाल.

त्याच वर्षी मार्कांची पद्धत बदलली. दिवाळीनंतर गुरुजींनी पालकांना शाळेत बोलावलं. गुरुजी घाटावरचे, साताऱ्याकडचे. तरुण होते, भाषा स्वच्छ, आणि समोर कितीही गोंधळ झाला तरी आवाज चढवत नसत. पुरुष पडवीत बसले, आम्ही बायका भिंतीला धरून.

गुरुजी म्हणाले, "आता नुसती फायनल नाही. शंभरातले चाळीस मार्क वर्षभराचे. चाचण्या, सहामाही, तोंडी, हातकाम. उरलेले साठ फायनलच्या पेपराचे. सगळे मिळून पस्तीस झाले की पास. मात्र पेपरातही प्रत्येक विषयात स्वतंत्र किमान गुण लागतील."

"म्हंजी पोराला रोज धाडायचं?" एकाने विचारलं.

"रोज."

"आन् गुरं? ती तुम्ही राखनार काय?"

सगळे हसले. गुरुजीही हसले, ते मला बरं वाटलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "हातकामाला मार्क देनार बोलता ना? मग माझा नातू पयला येतोय. उठल्यापास्नं हातकामच करतो तो."

पुन्हा हसणं झालं. पण कळलं कोणालाच नव्हतं. शेवटी माझा दीरच माझ्याकडे वळून म्हणाला, "वयनी, तू सांग गो. ह्ये काय बोलतात?"

मी म्हटलं, "आदी कसं हुतं, सुगी झाली की एकदम पायली भरायची. भरली तर पास. आता गुरुजी वर्षभर मूठ मूठ टाकनार नि ती मोजनार. उरलेली फायनलला भरायची."

हे सगळ्यांना कळलं. माना हलल्या. गुरुजी म्हणाले, "अगदी बरोबर." पेपरातही वेगळं पास व्हावं लागतं, ही गोष्ट तशीच हवेत राहिली. गुरुजींनी ती सांगितली होती, मी ऐकली होती, पण लोक उठले ते पायली डोक्यात घेऊन. एका सभेत माणसांना एक गोष्ट कळते, दोन कळत नाहीत.

त्यानंतर पोरं शाळेत दिसू लागली. कापणी-झोडणी उरकली होती, त्यामुळे पाठवायला कोणाचं काही जात नव्हतं. दिराने तर मुलीला एक दिवस घरी ठेवली नाही. तो स्वतः शाळेची पायरी चढला नव्हता, पण आकडे तोंडपाठ ठेवायची त्याला सवय. म्हशीचं दूध, भाताची मापं, सगळं डोक्यात. चाचणी झाली की संध्याकाळी गुरुजींच्या दारात उभा, "किती पडले?" गुरुजी सांगत, हा लक्षात ठेवी. मुलीने हातकामाला शिंदीच्या पात्यांची केरसुणी बांधली होती. तिचे किती मिळाले तेही त्याने विचारलं. पोरगी हुशार होती, आणि गुरुजींनी पहिल्याच वर्षी मार्कांच्या बाबतीत हात सैल सोडला होता. पोरांनी शाळेत टिकावं म्हणून असेल. होळीपर्यंत तिची प्रत्येक विषयात चाळिसातल्या पस्तिसावर मजल गेली होती. कुठे छत्तीस, कुठे सदतीस.

दीर तेव्हापासून एकदम निवांत झाला. मला वाटलं, पोर चांगली चाललीय म्हणून.

फायनलच्या दिवशी सकाळी पोरं आमच्या घरासमोर जमली, कारण शाळा आम्हाला लागूनच. तिथून खाली फाट्यावर जायचं आणि पोलादपूरची एसटी धरायची. पोरं धुतलेले कपडे घालून, केसांना तेल चोपडून उभी होती. दिराची मुलगी नव्हती. गुरुजींनी मला विचारलं, "तुमची पुतणी कुठं आहे?"

मी दिराच्या घरी गेले, दाराला कडी. तशीच ओढ्यापलीकडे त्याच्या शेतात गेले. तिथे त्याचं राबाचं काम चाललं होतं. आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात वाढवायचं त्यावर शेण, झाडाचा पाला, गवत आणि माती पसरून पावसाआधी ते भाजतात. त्याला राब म्हणतात. पाल्याच्या फांद्या रानातून तोडून आणायच्या, म्हणजे भारे वाहायला माणसं लागतात. दीर पाला पसरत होता, माझी जाऊ शेण टाकत होती आणि मुलगी डोक्यावर भारा घेऊन उतारावरून येत होती.

मी तिला म्हटलं, "पेपर हाय ना गो तुजा?"

ती म्हणाली, "काकी, बाबा बोलतो मी पास झाले."

"झालीच हाय," दीर कंबर सरळ करून म्हणाला. "पस्तीसला पास ना? हिचे समद्या इषयात पस्तिसाच्या वर हायत. पायली भरली. आता वरनं वतून काय भुईवर सांडायचं?"

"भावजी, पेपरात येगळं पास व्हावं लागतं. गुरुजींनी सांगितलं हुतं."

"कवा?"

"त्याच सभेत."

"तू नाय बोललीस."

"मी नाय बोलले. गुरुजी बोलले."

"मग गुरुजी एका तोंडानं दोन बोलतात काय? पस्तीस म्हंजी पस्तीस. मी सोता जाऊन इचारलेत आकडे."

जाऊ शेणाचे हात तसेच धरून म्हणाली, "पेपर दिला म्हनून मार्क कमी व्हनार हायत काय? जाऊ दे की तिला."

"नि भारे कोन आनील? तुजा भाऊस येनार हाय महाडास्नं?"

जाऊने पुन्हा शेणात हात घातले. मला हसू आलं असतं, पण खाली एसटीची वेळ होत आली होती. दिराला समजावून काही होणार नाही हे मला दिसत होतं. त्याचा आकडा बरोबर होता, बेरीज बरोबर होती. अशा माणसाला चूक दाखवणं फार कठीण जातं. पण तो अडला होता भाऱ्यांवर, आणि त्याला उत्तर होतं. आमच्यात शेतीच्या दिवसांत माणसाला माणूस देतात. माझ्याकडचं एक तुझ्या शेतात राबलं की तुझ्याकडचं एक माझ्या शेतात. पोरगं आलं तर ते अर्धं धरायचं, मोठं माणूस पुरं.

मी म्हटलं, "मला घ्या तिच्या बदली."

"तुला?"

"मला. अर्ध्या मानसाला पुरं मानूस. तुमचाच फायदा."

त्याने भाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पेपर दोन दिस हायत."

"दोन दिस येते."

"सांजच्यापावत?"

"सांजच्यापावत."

"नि मागनं माझ्याकडं मानूस मागनार नाय?"

"नाय मागनार."

"उतरव गो तो भारा," तो मुलीला म्हणाला.

मुलीने भारा खाली टाकला आणि उभी राहिली. बापाकडे बघे, माझ्याकडे बघे. मी ओरडले, "जा की, बघत काय बसलीस!" तशी ती पळाली. ओढ्याच्या डबक्यात तिने तोंड आणि हात धुतले तेवढे मला दिसले. गुरुजींनी फाट्यावर एसटी अडवून धरली होती, असं नंतर लोक सांगत. खरं-खोटं मला माहीत नाही. मी तेव्हा भारा उचलत होते.

दोन दिवस मी दिराच्या शेतात राबले. त्याने मला पोरीएवढे भारे दिले नाहीत, बाईएवढे दिले. व्यवहार तो व्यवहार. जाऊ मधूनमधून म्हणायची, "बसा घटकाभर," आणि दीर म्हणायचा, "बसायला काय झालं, आत्ता तर आली." दुसऱ्या दिवशी वारा पडल्यावर राब पेटवला. धूर खाली आला, माझ्या पदराला ठिणगी लागून भोक पडलं. दिराने ते पाहिलं आणि पुन्हा राबाकडे वळला. पदर माझा होता.

त्या संध्याकाळी मुलगी परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, "गनित लय कठीन हुतं." दीर राखेवर पाणी मारत होता. म्हणाला, "असू दे गो. तुझं झाल्यालं हाय." त्याला खरोखर काही चिंता नव्हती. मला होती. रात्री जेवताना घास जात नव्हता असलं काही झालं नाही, पण निकालापर्यंत गणित डोक्यात राहिलं.

पलीकडच्या वाडीत एकाने अगदी हाच हिशेब करून मुलीला लग्नघरी भांडी घासायला ठेवून घेतलं होतं. गुरुजींना कळलं तोपर्यंत पहिला दिवस गेला होता. निकाल लागला तेव्हा तो बाप शाळेत येऊन भांडला. "वर्षभर मोजलेले मार्क खोटे हुते काय?" असं विचारत होता. गुरुजींनी त्याला तीनदा समजावलं. चौथ्यांदा तो निघून गेला. ती मुलगी पुन्हा परीक्षेला बसली नाही, तिचं लग्न झालं.

आमची पास झाली. गणितात पेपराला जेवढे लागत होते तेवढेच मिळाले, एकही वर नाही. गुरुजींनी प्रगतिपत्रक दिलं आणि दिराने ते माझ्यासमोर धरलं, "वाच." मी गणितापासून सुरुवात केली. आधी वर्षभराचे वाचले, छत्तीस. तिथेच त्याने हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे. बघ, छत्तीस. पस्तिसाच्या वर. पेपर नसता दिला तरी पास हुती."

गुरुजी म्हणाले, "अहो, तसं नाही, पेपरात स्वतंत्र..."

"गुरुजी, ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला असावा. शिकवणाऱ्या माणसाला चूक तशीच सोडवत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सभेत पेपराची गोष्ट आधी सांगितली आणि मार्कांची मागून, आणि मला बोलू दिलं नाही. ते बरोबरच केलं.

जूनच्या आधी मामा मुलीला न्यायला आला. आम्ही सगळे फाट्यावर गेलो. तिचे कपडे एका पिशवीत होते, आणि दिराने तांदळाचं एक गाठोडं मामाच्या हातात दिलं होतं. गाडीची वाट बघता बघता दीर मामाला सांगू लागला, "आमची पोर पेपराआधीच पास झाल्याली. हिशेब करून बघितला मी."

मामाने विचारलं, "मग पेपर कशाला दिला?"

दीर म्हणाला, "वयनीला हौस हुती."

तेवढ्यात गाडी आली. मुलगी चढली, खिडकीपाशी जागा मिळाली नाही म्हणून उभी राहिली. गाडी वळणाच्या पलीकडे गेली आणि आम्ही वर चढायला लागलो. रोपाला बी टाकायचं होतं.