गवंड्याच्या हातचं बाळंतपण

सांगलीच्या स्टँडवरून मुंबईची गाडी हलली तेव्हा आमची ही खिडकीच्या गजाला धरून चालत होती आणि एकच सांगत होती, "तिथं लुडबुड करू नका. मी येईस्तोवर नुसतं बसून राहा." माझा व्हिसा आधी आला होता, तिचा मागं राहिला होता. पंधरा दिवसांत तीही निघणार होती. तिकडं मेलबर्नला आमच्या लेकीला, वैशालीला, पाचवा महिना होता. मी मेलबर्नला उतरलो आणि आठवडाभरात कोरोनानं देशादेशांची दारं लागली. ही तिकडं राहिली, मी इकडं.

मी चौथी शिकलेला गवंडी. मेलबर्नच्या टार्निट भागात लेकीच्या घराची भिंत आधी बोटानं वाजवून बघितली. लाकडाचा सांगाडा आणि बाहेरून विटेचा नुसता सदरा. याला घर म्हणायला मी तयार नव्हतो. जावईबापू म्हणाले, "मामा, इकडं असंच बांधतात." मी म्हटलं, बांधू देत.

दिवस भरत आले तरी बाळ पायाळूच राहिलं, डोकं खाली येईना. डॉक्टरणीनं ऑपरेशनची तारीख दिली. मी म्हटलं, "तारीख धरायला हे काय लग्न आहे? आणि धरायचीच तर पंचांग तरी बघा." वैशाली म्हणाली, "आबा, ऐनवेळी पळापळ होण्यापेक्षा ठरवून केलेलं बरं. आणि इथं कुणी अमावस्या बघत नाही."

हॉस्पिटलात एकट्या नवऱ्याला परवानगी. मी घरी फोन धरून बसलो. नंतर लेकीनं सगळं सांगितलं. ज्यांच्या लेकी असं करून घेणार आहेत, त्या बापांनी ऐकून ठेवा. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही. पाठीत एक सुई, की कमरेखाली बधिर. पण माणूस जागा असतो, छातीपुढं पडदा असतो. "कुणीतरी पोटात हात घालून पिशवी धुंडाळतंय असं वाटलं आबा, पण दुखलं नाही," ती म्हणाली. बाळाचं पहिलं रडणं तिनं स्वतः ऐकलं. मुलगी झाली. आणि दुसऱ्या दिवशी नर्सनं तिला हात धरून उभं केलं, चालवलं. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. पोट शिवलेल्या बाईला चालवतात?

चौथ्या दिवशी ती घरी आली आणि मी माझा कारभार सुरू केला. आपल्यात बाळंतपण आईनं करायचं, पण आई सहा हजार मैलांवर. मग आबा आहेत. ओल्या स्लॅबवर कुणी पाय ठेवतं का? मी हुकूम सोडला, गादीवरून हलायचं नाही, पाणीही बेतानंच. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं हातात नेऊन देत होतो. तिलाही उठताना कळ यायची, म्हणून तिनं ऐकलं. बाथरूमपुरतं काय ते उठायची.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिला तपासायला सुईण आली, मास्क लावून. मिडवाइफ म्हणतात इकडं. वैशाली म्हणाली, डावी पोटरी दुखतेय. बाईनं पाय दाबून बघितला, इंग्रजीत काहीतरी विचारलं. वैशालीनं माझ्याकडं बघितलं आणि खाली मान घातली. बाईचा चेहरा बदलला. पडून राहिल्यानं पायात रक्ताची गाठ होते, ती वर सरकली तर जीव जातो, असं जावईबापूंनी मला सांगितलं. त्याच पावली तिला स्कॅनला नेलं. आठवड्याची नात माझ्या मांडीवर ठेवून दोघं गेले. तीन मजली परांचीवर मी कधी देवाचं नाव घेतलं नाही. त्या दुपारी सोफ्यावर बसून घेतलं.

दोन तासांनी गाडीतूनच फोन आला. "गाठ नाही, आबा. स्नायू धरलाय नुसता."

हिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अहो, गवंडी तुम्ही, सुईण कधी झालात? माझी लेक घालवली असतीत!" चूक माझी होती. पण चुकीची भिंत पाडून पुन्हा उभी करायला मला कधी लाज वाटली नाही. वैशालीकडून बाईचं एकेक सांगणं पाठ करून घेतलं. गोळी दुखायच्या आधी, वेळेवर. खोकताना पोटाशी उशी धरायची. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. टाका कोरडा ठेवायचा. लाल झाला, पाणी आलं, ताप आला तर लगेच फोन. पाणी भरपूर. आणि चालायचं.

मग मी चालण्याच्या मागं लागलो. किचनपासून गराजच्या दारापर्यंत माझी बावीस पावलं. "आबा, दोन मिनिटं बसू द्या ना!" "नाही. दाराला हात लावून ये, मग बस." आधी बाजरी दळून दळून मिक्सर दमला, आता वैशाली, असं जावईबापू हसायचे. नातीला आंघोळ मी घातली. समोर डब्याला टेकवलेला फोन, त्यात ही ओरडतेय, "मान धरा, मान! वीट नाही ती!" या हातांना चुन्यानं भेगा पडलेल्या, पोरीला टोचू नये म्हणून रोज तेल चोळून मऊ केले.

सहा आठवड्यांनी मिडवाइफनं टाका बघितला आणि माझ्याकडं अंगठा दाखवून म्हणाली, "गुड जॉब, मेट." एवढं इंग्रजी मला कळतं.

त्या संध्याकाळी लॉकडाऊनमध्ये मिळायच्या तेवढ्या वेळात आम्ही तळ्याला फेरी मारायला निघालो. प्रॅम वैशाली ढकलत होती, ताठ चालत होती. फोनवर ही होती. बघता बघता ही रडायलाच लागली. "पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं. नाही करता आलं गं मला."

वैशाली चालता चालता म्हणाली, "आई, माहेरीच झालं की."

हिनं पदरानं डोळे पुसले. मी मफलर वर ओढून घेतला. गावात कुणी विचारलं की म्हातारा तिकडं करतो काय, तर हे जसंच्या तसं सांगा.