गेरूची पावले

गजर वाजतो, तेव्हा उज्ज्वला हावळे हात लांब करून तो बंद करते आणि पुन्हा उशीवर डोके टेकते. जरासेच, असे ती मनाशी म्हणते. एप्रिलच्या उकाड्यात इचलकरंजीतली निम्मी माणसे गच्चीवर झोपतात, आणि तीही हल्ली इथेच चटई अंथरते. नवरा सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये रात्रपाळीला, मुलगा पुण्याला शिकायला. खाली पंखा फिरवायचा तो कुणासाठी? गल्लीतल्या यंत्रमागांचा खटखटाट खालून वर येत असतो. या गावात जन्मलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. तो थांबला, तरच कान टवकारतात.

आत्ता तो थांबतो.

आणि पाण्याच्या टाकीशी पद्मा उभी असते, हातातल्या बांगड्या एकेक काढून नळाच्या चावीला अडकवीत.

"झोपलीस होय गं अजून?" ती म्हणते. "म्हटलं, एव्हाना जिने चढून-उतरून घामाघूम झाली असशील."

पद्मा बिरनाळे दिवाळीआधी डेंग्यूने गेली. हे उज्ज्वलाला झोपेतही पक्के ठाऊक आहे. स्वतःच्या खांद्याला लागलेला हॉस्पिटलच्या दाराचा थंडपणा तिला आठवतो आहे. तरी ती उठते, केस वर बांधते आणि रोजच्यासारखी म्हणते, "आलो की. ओरडू नकोस, खालची म्हातारी जागी होईल."

दोघींची मुले एकाच कराटेच्या वर्गात जायची. आया भिंतीलगतच्या बाकावर डबे नि चपला सांभाळीत बसायच्या. एक दिवस सर थट्टेने म्हणाले, नुसत्या बसून काय करता, या की आत! मुले पुढे दहावीच्या क्लासांकडे वळली. आया मात्र आतच राहिल्या. वर्ग आठवड्यातून तीनदाच भरे. तेवढ्याने भागेना, म्हणून पहाटेची ही गच्ची. पाण्याचे कॅन धरून बैठका, जिन्यावरची धाव, आणि शेवटी समोरासमोरची लढत.

"चल, हात आण," पद्मा म्हणते.

दोघी समोरासमोर उभ्या राहून कोपरापासून मनगटापर्यंतचा हात हातावर आपटतात. आतून, बाहेरून, खालून. हाड टणक व्हावे म्हणून करायचा हा व्यायाम एकट्याने होत नाही. उज्ज्वलाने भिंतीवर करून पाहिला होता, पण भिंत उलट काही देत नाही. आत्ता हातावर हात पडतो आहे आणि आवाज मात्र मागाचा येतो आहे, खट, खट. दोन्ही बाजूंना माग चालू आहेत, मधल्या अरुंद वाटेत त्या दोघी उभ्या आहेत आणि सुताचे पांढरे तूस हवेत तरंगते आहे.

"मऊ पडलेत गं तुझे हात," पद्मा म्हणते.

"कुणाबरोबर करू?"

"ती नर्सबाई म्हणाली होती ना येतो म्हणून? तहसीन?"

तहसीन वर्गात नवी आहे, सरकारी दवाखान्यात कामाला, नेमाने येणारी, कमी बोलणारी. तिने काल विचारले होते, ताई, सकाळी तुमच्या गच्चीवर मी येऊ का? उज्ज्वला म्हणाली होती, बघू. तहसीनने त्याचा अर्थ होकार असा घेतला. उजाडताच ती येणार आहे. आणि जिन्याच्या दाराची कडी उघडायचीच नाही, झोप लागली म्हणून सांगायचे, असे उज्ज्वलाने रात्री ठरवून टाकले आहे.

आता त्या वर्गातल्या बाकावर बसल्या आहेत. बाकाखाली लहान मुलांच्या चपलांचा ढीग आहे, पण हॉलमध्ये मूल एकही नाही.

"परवा सर काय म्हणाले तुला?" पद्मा विचारते.

"तू होतीस तिथं?"

"सांग तू."

"म्हणाले, हावळे मॅडम, तुमची डावी बाजू रिकामी आहे. प्रत्येक जण तिथंच मारून जातो. असंच राहिलं तर मेमध्ये ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला पाठवणार नाही."

"मग?"

"मग काय! बरोबरच आहे त्यांचं."

पद्मा डावखुरी होती. तिचा जोराचा ठोसा डाव्या हाताचा, म्हणजे उज्ज्वलाच्या उजवीकडे येणारा. इतकी वर्षे तोच अडवता अडवता उज्ज्वलाचे शरीर त्या बाजूला जागे झाले आणि दुसऱ्या बाजूला तसेच राहिले. जग उजव्या हाताचे आहे, आणि परवाच तहसीनचा साधा, नवशिका ठोसा तिच्या डाव्या बरगडीवर सरळ येऊन बसला. पवित्रा बदलला तर हे सुटेल, हे तिला कळते. पण पद्माच्या साड्या तिच्या जावेने वाटून टाकल्या, फोनमधला आवाज फोनबरोबर गेला. उरली आहे ती उज्ज्वलाच्या शरीरातली ही खोड. तीही मोडायची?

"मेल्यावरसुद्धा मीच पाहिजे होय तुला?" पद्मा हसते. "बरं. मी उजव्या हाताने येतो. शीक."

त्या पुन्हा गच्चीवर आहेत. पद्मा डावा पाय पुढे टाकते, उजवी मूठ कमरेशी घेते, आणि झेप घेताना तिचे पाय एकमेकांत अडकतात. ती तोल सावरत टाकीला धरते. दोघी तोंडावर हात दाबून हसतात, वर्गात सरांच्या पाठीमागे हसायच्या तशा.

"नाही जमत गं बाई मला. माझं हाड डावंच." मग ती खाली बोट दाखवते. "हे काय?"

कठड्याजवळ गेरूने रेखलेली दोन पावले आहेत, उजवे पुढे, डावे मागे. तुळशीची कुंडी रंगवून उरलेल्या गेरूने त्यांनी एकदा एकमेकींची पावले आखली होती, दोघींमधले अंतर रोज तेच राहावे म्हणून. पद्माची ती पावले पुसट झाली की उज्ज्वला पुन्हा गिरवते. काल संध्याकाळीच तिने ती जाड गेरूने भरून घेतली आणि झाडताना केरसुणी नेहमीप्रमाणे बाजूने वळवली.

"आणि तुझी कुठं गेली?"

"पुसली असतील."

"माझी गिरवतीस, आणि तुझी तशीच पुसून जाऊ दिलीस?" पद्माचा आवाज चढत नाही. "इकडं ये. माझ्या जागी उभी राहा."

"नको."

"ये गं. इथनं बघ एकदा."

उज्ज्वला त्या पावलांवर पाय ठेवते. तिला वाटले होते तशी ती जागा गार नाही. समोर ती स्वतःच उभी असल्याचे तिला दिसते. केस पिकू लागलेली, दात आवळून उजवी बाजू राखणारी. डावीकडचा हात मात्र खाली लोंबतो आहे, आणि तिथे, बरगडीपासून खांद्यापर्यंत, दार सताड उघडे टाकल्यासारखे आहे.

"एवढी उघडी होतो मी? आणि तू कधी मारलं नाहीस तिथं?"

"नाही."

"का?"

पद्मा नळाच्या चावीवरून बांगड्या काढून घेते. "माझा हात तिकडं जातच नव्हता. ती बाजू माझी नव्हतीच गं. ती दुसऱ्या कुणाची तरी."

"जाऊ नकोस लगेच."

"माग सुरू झाले बघ," पद्मा म्हणते.

खटखटाट सुरू असतो. उज्ज्वला चटईवर पडलेली आहे, कठड्याच्या कडेला उजाडू लागले आहे. गाल ओले आहेत, ते ती पदराने टिपते. नळाच्या चावीवर काही नाही. अर्थात नाही.

मग उठताना तिची नजर स्वतःच्या पायांकडे जाते. तळवे लाल आहेत. कठड्याजवळची ती दोन पावले फराटली आहेत, त्यांचा आकार मोडून गेरू विसकटला आहे, आणि तिथून चटईपर्यंत एक एक लाल ठसा उमटत आला आहे. ठसे तिचेच आहेत. उजव्या पायाची करंगळी टेकत नाही, ती खूण तिला ओळखू येते. कोपऱ्यात गेरूची वाटी आहे. हात त्या दिशेने जातोही. पण तिथेच थांबतो.

जिन्याच्या दारावर थाप पडते. हलकी, शेजाऱ्यांचा विचार करणारी.

"ताई? जाग्या आहात का?"

उज्ज्वला उभी राहते. पुन्हा थाप पडत नाही. दारापलीकडचे माणूस नुसते वाट पाहत आहे. ती चालत जाते आणि कडी काढते. मागे फरशीवर फिकट होत गेलेले लाल ठसे उमटतात.

"काय लागलं पायाला?" तहसीन दचकून विचारते.

"काही नाही. गेरू आहे." उज्ज्वला तिला कठड्याजवळ नेते. "इथं उभी राहा."

"इथं काहीतरी काढलेलं होतं ना? पुसेल."

"पुसू दे. कुठला पाय पुढं ठेवतेस?"

"डावा."

"ठेव," उज्ज्वला म्हणते, आणि आपला डावा हात छातीपाशी उचलून धरते. "आता मार. जपून मारू नकोस."