शेवटचा नंबर

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. चहा बारा कप, दर दहा रुपये, एकूण एकशे वीस, देणार मी. हजर: आमच्या पळणाऱ्या गटातले बाराही जण आणि हिंडलग्याच्या फाट्यावर चहाची गाडी लावणाऱ्या मावशी. बारांपैकी शाळेत शिकवणाऱ्या आक्का त्याआधीचे तीन रविवार आल्या नव्हत्या. त्यांचं पळणं कायमचं सुटलं असतं, तर दोष माझा होता.

मी एका फाउंड्रीत हिशेब लिहितो. दीड वर्षापूर्वी उपाशीपोटीची साखर एकशे बासष्ट निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुरू करूच, पण अंग हलवा. आमच्या गल्लीतले निवृत्त हवालदार, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, दुसऱ्याच दिवशी पहाटे दारात उभे. पहिल्या दिवशी मी दोनशे मीटरवर कमरेवर हात ठेवून थांबलो. आप्पा म्हणाले, "एक खांब पळ, एक खांब चाल. इजेचे खांब कुठं पळून जात न्हाईत." खांब मोजता येतात म्हणून मला ते जमलं.

गट रविवारी सहाला फाट्यावरून निघतो. अडीच किलोमीटर जाऊन परत. फी नाही, बक्षीस नाही. नियम एकच: शेवटचा माणूस आल्याशिवाय मावशी चहा ओतत नाहीत. आणि शेवटचा मी.

मला सत्तेचाळीस मिनिटं लागत, आक्कांना त्रेचाळीस, बाकी दहा जण पस्तीसच्या आत-बाहेर. एका रविवारी मी वहीत मांडलं: दहा माणसं, प्रत्येकी बारा मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला लोकांचे दोन तास मी खातो. कुणी चकार शब्द काढला नव्हता. उलट आप्पा मागे फिरून शेवटचे चार खांब माझ्याबरोबर पळत आणि पोचल्यावर सगळे टाळ्या वाजवत. मला त्या टाळ्या उधारीसारख्या वाटायच्या.

म्हणून जानेवारीत मी कुणाला न सांगता बारा मिनिटं आधी निघू लागलो. हिशेब बरोबर आला. मी सगळ्यांबरोबरच फाट्यावर पोचलो.

"काय रं, आधीच सुटलास व्हय?" आप्पांनी विचारलं.

"तुमचा खोळंबा नको म्हणून."

"आमी कवा तक्रार केलती?"

मी हसलो. आक्का आठ मिनिटांनी आल्या. अकरा जण त्यांच्याकडे बघत उभे होते, त्यांत मीही. टाळ्या पडल्या. आक्का खाली बघत चहा प्यायल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

तिसऱ्या रविवारी मावशी गाळणी झटकत म्हणाल्या, "बाई येत न्हाईत व्हय? तू मागं असायचास तवा तिला कोण बघत नव्हतं."

एवढं माझ्या वहीत नव्हतं. आक्कांची ती आठ मिनिटं माझ्या बारांत झाकली जात होती. त्याच आक्कांनी दिवाळीच्या सुमारास आम्हाला सांगितलं होतं, की रक्तदाब आटोक्यात आलाय आणि कित्येक वर्षांनी सलग झोप लागते.

त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन त्यांच्या घरी गेलो. आक्कांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. बायकोने सरळ विचारलं, "गुडघा, की ह्यांचं आधी सुटणं?"

आक्कांनी पाण्याचा तांब्या आमच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "सगळे बघत उभे असतात हो. वर्गात एखाद्या पोराकडं सगळी अशी बघायला लागली तर मी रागावते."

"मी पुढच्या रविवारपासून परत सहाला निघणार," मी म्हणालो. "शेवटचा नंबर माझा."

"मुद्दाम हळू पळाल."

"मुद्दाम हळू पळायची गरज नाही. दीड वर्षाचे आकडे आहेत. तुमच्यापेक्षा चार मिनिटं मागे."

तेव्हा त्या हसल्या.

पुढच्या रविवारी, म्हणजे वर लिहिलेल्या रविवारी, आम्ही सगळे सहाला निघालो. आदल्याच दिवशी माझा साखरेचा रिपोर्ट आला होता: एकशे बारा, गोळी अर्धी. चहा माझ्याकडून, हे म्हणून ठरलं होतं. जेलकडे जाणारा रस्ता ओलांडेपर्यंत सगळे दिसेनासे झाले. आक्कांची पिवळी टोपी मात्र बराच वेळ पुढे दिसत राहिली. परतताना आप्पा मला घ्यायला आले. आज त्यांच्याबरोबर आक्काही होत्या, फाट्यापासून चार खांब मागे, धापा टाकत.

"अठ्ठेचाळीस," फाट्यावर पोचताच घड्याळ बघून त्या म्हणाल्या. "मला चार मिनिटं थांबवलंत."

टाळ्या पडल्या. या वेळी मी त्या मोजल्या नाहीत. मावशींनी पातेलं कलतं केलं. मी एकशे वीस रुपये पुढे केले. त्यांनी एक रुपया परत दिला. "तुझ्या कपात साखर न्हाय. न घातलेल्या साखरेचं कसं घेऊ?"

मी पुष्कळ आग्रह केला. अखेर दिले एकशे एकोणीस, मावशींना.