मान खाली घालून काढलेला फोटो

"मान खाली घाल. मग बोल."

चावडीपुढं पाटील असं म्हणाला तेव्हा माझ्या अंगावर पलटणीची खाकी होती. पायात बूट होते. लढाई संपली, पलटण मोडली, आष्ट्यापर्यंत मोटारीनं आणि तिथून पुढं चालत मी गावात आलो होतो. गुन्हा एवढाच, की पाटलाला रामराम घातला. म्हारानं जोहार घालायचा असतो. रामराम बरोबरीच्या माणसाचा.

मी मान खाली घातली नाही. मुद्दाम नव्हे, मला ते सुचलंच नाही. पलटणीत मान खाली गेली की हवालदार हनुवटीखाली काठी लावायचा. इतकी वर्षं ती काठी खाऊन मान ताठ झाली होती.

मग मागून माझ्या मानेवर हात आला आणि त्यानं मान दाबली. जोरात. माझ्या डोळ्यांपुढं माझेच बूट आले. चावडीवर बसलेली माणसं हसली. तो हात पाटलाचा नव्हता. पाटील कशाला शिवतोय मला. तो माझ्या बापाचा हात होता.

"पोरगं हाय, मायबाप," बाप म्हणाला. "लय दिस भाईर हुतं, इसारलंय."

घरी आल्यावर आय म्हणाली, गावात ऱ्हायाचं तर असंच ऱ्हायाचं. मी भाकरी खाल्ली. मानेवर त्याची बोटं रात्रभर जाणवत होती.

माझ्या पिशवीत एक डबा होता. एक गोरा सोल्जर मायदेशी निघाला होता, त्याच्याकडून घेतलेला साधा कॅमेरा. काळा, चौकोनी, पुढं एक भिंग, वर बोटभर काच, बाजूला खटका. बस्स. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून त्या काचेत बघायचं. समोरचं माणूस तिथं इवलंसं दिसतं. ऊन चांगलं असलं आणि हात हलला नाही की फोटो होतो.

आमच्या गावाला फोटो म्हणजे सांगलीचा स्टुडिओ. तिथला माणूस काळ्या कपड्यात डोकं खुपसतो, हलू नका म्हणतो, मागं पडद्यावर बाग असते. पोटाशी डबा धरून खाली बघणारा म्हार फोटो काढत असेल असं कुणाच्या मनात येणार? मान खाली तर त्यांनीच घालायला लावली होती. बरं झालं म्हटलं. घालतो.

म्हणून मी गावात मान खाली घालून फिरायला लागलो आणि माणसं काढायला लागलो. विहिरीवर कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून ताटकळलेल्या आमच्या बाया. चावडीवर पाय पसरून घोरणारा तलाठी. आमच्यातला एक म्हातारा, दोरखंड वळताना.

गावाला संशय यायचा तो आलाच. बेचाळीसच्या चळवळीपासून आमच्या भागात जो तो दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघत होता. खबरे फिरत होते, रातोरात माणसं उचलली जात होती, नाहीतर कुणाच्या तरी खबरीवरून भूमिगत कुणाचे तरी पाय फोडत होते. गळ्यात डबा अडकवून फिरणारा माणूस पोलिसांचा असणार, नाहीतर भूमिगतांचा. रस्त्यात अडवून विचारायचे, "कुनाचा मानूस रं तू?" आमच्या म्हारवाड्यातली माणसंसुद्धा मला बघून बोलणं थांबवायची. मलाही कुणाचा भरवसा वाटत नव्हता. कोण हसून बोललं तरी वाटायचं, कुठंतरी पाणी मुरतंय.

बाप येसकर होता. गावाची काठी त्याच्याकडं. सरकारी माणूस आला की पुढं पळायचं, मेलेलं ओढायचं, सांगावे पोचवायचे, आणि रोज सकाळी घरोघर भाकर मागायची. एका सकाळी मीही त्याच्यामागं गेलो. पाटलाच्या परड्यात उभा राहिलो. डबा पोटाशी, मान खाली. बापानं घोंगडं पसरलं. पाटील ओसरीवर होता. त्यानं काहीतरी म्हटलं, भाकरी टाकली, मी खटका दाबला. लहानपणीही मी तिथं असाच खाली बघत उभा राहायचो. काचेत मला एवढंच दिसलं की बाप मधोमध आहे.

रोल धुवायला सांगलीला गेलो. स्टुडिओवाल्यानं आधी कॅमेरा उलटा-पालटा करून बघितला. कुणाचा? कुठून आणला? चोरीचा नाही ना? आठवड्यानं फोटो दिले तेव्हा तो हसत होता. म्हणाला, ह्यात एकही माणूस तुझ्याकडं बघत नाही, ह्याला फोटो म्हणतात होय?

मी स्टुडिओबाहेर उन्हात उभा राहून एकेक बघितला. परड्यातला फोटो हातात आला आणि मी तिथंच पायरीवर बसलो.

भाकरी हवेत होती, हललेली, नुसता पांढरा फराटा. एका बाजूनं पाटलाचं कुत्रं झेपावत होतं. दुसऱ्या बाजूनं माझा बाप घोंगडं घेऊन वाकला होता. पाटलानं काय म्हटलं होतं ते तेव्हा आठवलं. 'बघू कोन पयलं घेतंय.' आणि बाप हसत होता. तोंडभर हसत होता. गाल वर गेलेले, डोळे बारीक, पुढचा पडका दात दिसतोय. भाकरी हलली, कुत्रं हललं. बाप मात्र स्वच्छ आला होता.

माझा बाप घरात कधी हसला नाही. माझ्या जन्मात नाही. मला वाटायचं त्याला हसताच येत नाही. म्हणजे हसू होतं त्याच्याकडं. ते कुणासाठी राखून ठेवलं होतं ते त्या कागदावर होतं. मला त्याचा राग आला. मग ज्यानं त्याला ते हसू शिकवलं त्याचा आला. तो अजून गेलेला नाही.

घरी येऊन फोटो त्याच्यापुढं धरला. त्यानं दाराशी उजेडात नेऊन बघितला. बराच वेळ बघितला.

"ह्यो मी न्हवं," म्हणाला.

"बा, तूच हाईस."

"मी असा हासत न्हाई." त्यानं फोटो पालथा घालून माझ्या हातात दिला. "जाळ ह्येला."

मी जाळला नाही. पिशवीत ठेवला.

पाटलाचा लेक सांगलीला कॉलेजात होता. बेंदराला, बैलांच्या सणाला, गावी आला, त्यानं माझ्या गळ्यातला डबा ओळखला आणि आपल्या बापाला सांगितलं. मला बोलावणं आलं. मी म्हटलं, आता हाडं मोडतात. पण पाटील गोड बोलला. म्हणाला, गड्या, तू गुनाचा हाईस, सांगितलं न्हाईस कदी. पाटील गोड बोलला तेव्हाच मला घाम फुटला. केसानं गळा कापणारी जात ती. मग कळलं, त्याला बैलांसोबत फोटो पाहिजे होता. आणि सांगलीचा फोटोवाला बेंदराच्या चिखलात यायला तयार नव्हता.

पाऊस उघडला होता. लख्ख ऊन पडलं होतं. खिल्लारी जोडी उभी केलेली, शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. पाटील फेटा बांधून मध्ये. मला अंगणाबाहेर उभं केलं होतं. मी डबा पोटाशी धरला आणि काचेत बघायला लागलो. पाटलानं ते बघितलं आणि खूश झाला.

"शानं यंत्र हाय," लेकाला म्हणाला. "म्हाराला मान खाली घालायला लावतंय."

सगळे हसले. मी काचेतच बघत राहिलो.

मग पाटलाला आठवण झाली. "धोंड्या कुटं हाय? धोंड्याला घ्या की."

धोंड्या म्हणजे माझा बाप. धोंडिबा. पाटलाचं शेंबडं नातवंडही त्याला धोंड्याच म्हणायचं. बाप काठी घेऊन लगबगीनं आला. त्या दिवशी त्यानं आयकडून मुंडासं धुऊन घेतलं होतं. पाटलाचं घोडं आन म्हाराला भूषण, म्हणतात ते खोटं नाही. त्याला जागा दाखवली, बैलांच्या पायाशी, अंग चोरून, शेणात. गडी बैलाची वेसण धरून होता. पाटील त्याच्यावर खेकसला, बैलाची मान वर धर, फोटूत मान वर पायजे. मग बापाकडं वळला.

"आन तू हास की रं. रोज हासतोस तसा."

मी काचेत बघत होतो. त्या बोटभर काचेत बापाचे गाल वर जायला लागले. डोळे बारीक व्हायला लागले. तेच हसू. आणि तेवढ्यात त्यानं डब्याकडं बघितलं. सरळ भिंगात. गाल होते तिथंच थांबले. मग खाली आले.

"हास की," पाटील म्हणाला. "काय मयताला आलाईस?"

बाप हसला नाही. प्रयत्न करत होता, ते मला दिसत होतं. ओठ हलत होते. येत नव्हतं. त्याला आता माहीत होतं ते कसं दिसतं. कपाळावर घाम आला होता. पाटील पुढं झाला, काठीच्या टोकानं त्याचं मुंडासं हलवलं. "हास म्हनतो न्हवं."

मी खटक्यावरचं बोट काढलं. मान वर केली. पाटलाच्या डोळ्यात बघितलं.

"फोटू न्हाई व्हायाचा."

"का?"

"माजा बा हासाया ह्या बैलाच्या पायाशी बसलेला न्हाई. त्येला उटवा. न्हाईतर सांगलीस्नं मानूस आना."

बाप उठला. माझ्याकडं आला. मला वाटलं, आता हात येणार मानेवर. मी मान कडक करून ठेवली. दाब, म्हटलं मनात. ह्या बारीला दाबून बघ. तो माझ्या बाजूनं पुढं निघून गेला. हात वर आला नाही.

पाटलानं दुसऱ्या दिवसापासून आमचं बलुतं बंद केलं. कुणी दारात उभं करीना. काठी दुसऱ्या घरात गेली. बाप चुलीपुढं बसून म्हणाला, "तुज्या डब्यानं आमची भाकर खाल्ली." मी म्हटलं, व्हय, खाल्ली. त्यानं पुन्हा तो फोटो जाळायला सांगितला. मी पुन्हा नाही म्हटलं. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण भाकर मागायला तो पुन्हा गेला नाही. सांगलीला हमाली करतो. तिथंही हसत नाही. नसू दे. तेवढं त्याचं त्याच्याकडं राहिलं.

मी गावोगाव हिंडतो. पार म्हसवडपर्यंत गेलो. जिथं वरून पाणी ओततात, जिथं वरून भाकर टाकतात, तिथं उभा राहतो. संशय तसाच आहे. पुढं येऊन विचारतात, कुनाचा मानूस रं तू? पोलिसाचा? काँग्रेसचा? मी मान वर करतो, त्यांच्या डोळ्यात बघतो आणि सांगतो, धोंडिबा म्हाराचा.

मग मान खाली घालतो. काचेत बघण्यापुरती. आणि खटका दाबतो.